घरच्या वर्कशॉपसाठी पहिला बेंच व्हाइस: नवा ४ इंची घ्यावा की जुना ६ इंची?

शाहूनगर_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात शाहूनगरला घरामागे आठ बाय दहाची पत्र्याची शेड रिकामी पडून आहे. तिथे लोखंडकामाची छोटी मांडणी करायची आहे. अँगल ग्राइंडर, हॅकसॉ, दोन-तीन कानशी आणि हातातलं ड्रिल मशीन एवढं जमवलंय. वेल्डिंग पुढे शिकेन. सध्याची कामं म्हणजे गेटच्या बिजागऱ्या, कुंड्यांचे स्टँड, ब्रॅकेट, सायकलची दुरुस्ती. पुढे छोटे सुटे भाग हाताने घडवता यावेत अशी मनापासून इच्छा आहे.

व्हाइसचे (काम घट्ट पकडून ठेवायच्या शिकंज्याचे) तीन पर्याय समोर आहेत. पहिला टेबलाच्या कडेला अडकवायचा ३ इंची, ऑनलाइन स्वस्तात मिळतोय. दुसरा नवा ४ इंची, फिरत्या बेसचा, पोवई नाक्याजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे पाहिला. तिसरा जुना ६ इंची, एमआयडीसीकडच्या एका भंगारवाल्याकडे, वर निळा रंग मारलेला. बजेट पाच हजारांच्या आत. काय घ्यावं?

जुना_फिटर (कुपवाड)

दादा, ३ इंची आत्ताच बाजूला ठेवा. तो घड्याळवाल्याच्या, खेळण्यांच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा. २५ चा अँगल धरून हॅकसॉ चालवलात की टेबलासकट नाचायला लागेल.

बाकी दोघांबद्दल सांगतो, पण आधी एक विचारतो. व्हाइस बसवणार कशावर? ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच आहे.

तासगाव_द्राक्षबाग

६ इंची घ्या, डोळे झाकून! आमच्याकडं बागेचं काम. ब्लोअरचा पंप उघडायचा, पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरवरनं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा काढायचा, मांडवाचे अँगल सरळ करायचे, सगळं ६ इंचीवर. आमच्या वडलांनी घेतलेला आहे, आजही तसाच. लहान घेतला की दोन वर्षांत मोठा घ्यावाच लागतो. मोठ्यात लहान काम होतं, लहानात मोठं होत नाही.

फिटर_ताई (आयटीआयमध्ये शिकवते)

तासगावच्या दादांचं शेतीच्या कामापुरतं अगदी बरोबर आहे, पण शाहूनगरच्या दादांचं काम वेगळं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

व्हाइसचं माप म्हणजे जबड्याची रुंदी. ४ इंची म्हणजे १०० मिमी, ५ इंची १२५, ६ इंची १५०. पण दुकानात उभं राहून फक्त हाच आकडा बघू नका. जबडे किती उघडतात ते बघा. आणि जबड्याच्या वरच्या कडेपासून खालच्या स्लाइडपर्यंत (पुढच्या जबड्याच्या सरकत्या दांड्यापर्यंत) खोली किती आहे तेही बघा. उभी पट्टी किंवा पाइप धरताना ही खोलीच कामाला येते. दोन ४ इंची व्हाइस शेजारी ठेवले तर एकाची खोली दुसऱ्यापेक्षा बरीच कमी निघते आणि किंमत मात्र सारखीच असते.

दुसरं, वजन. दुकानात काटा असेल तर त्यावर ठेवून बघा, लाजू नका. त्याच रुंदीचा व्हाइस जास्त जड असेल तर अंगात बीड (ओतीव लोखंड) जास्त आहे, स्लाइड जाड आहे. चांगला ५ इंची साधारण १२ ते १५ किलोच्या घरात जातो. ६ इंची त्याच्या बराच वर. बेंच व्हाइससाठी भारतीय मानक आहे, आयएस २५८६. त्याचा उल्लेख आणि बनवणाऱ्याचं नाव ओतकामात किंवा डब्यावर स्पष्ट असेल तर चांगलं लक्षण समजा. आपल्याकडे विकले जाणारे बरेच व्हाइस पंजाबातून, विशेषतः जालंधर-लुधियानाकडून येतात. त्यात उत्तम माल आहे आणि अगदी हलकाही आहे.

मी मुलांना पहिल्या आठवड्यात एक हिशेब करायला लावते. स्क्रूचा आटा एका फेऱ्यात ५ मिमी पुढे जातो असं धरा. हँडलवर मध्यापासून २०० मिमीवर हात आहे. हात एका फेऱ्यात सुमारे १२५६ मिमी फिरतो आणि जबडा ५ मिमी सरकतो. म्हणजे २५० पट. हाताने १५ किलोचा जोर दिला तर कागदावर पावणेचार टन होतात. पण चौकोनी आट्यात घर्षणात तीन चतुर्थांश जोर जातो, तरी टनाच्या आसपास दाब उरतोच. एवढा दाब हाताने मिळत असताना हँडलवर पाइप चढवायची गरजच काय? पाइपने हात दुप्पट लांब केला की दाब दुप्पट, आणि हे सगळं एका नटावर आणि बिडाच्या अंगावर येतं. बीड दाब छान सोसतं, ताण आणि धक्का सोसत नाही. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे उभा भाग आडव्याला मिळतो, तिथूनच चीर जाते.

माझा कल: तुमच्या यादीला ५ इंची, पक्क्या बेसचा. ४ इंचीही चालेल, पण जड असला तरच.

शाहूनगर_सातारा

ताई, खूप आभार. हिशेब वाचून डोळे उघडले.

फिटर काका, बसवायचं टेबल म्हणजे मुलाचं जुनं अभ्यासाचं टेबल. लाकडी आहे, पायाला आडव्या पट्ट्या नाहीत. हलतं थोडं. त्यावर जाड प्लायवूड टाकलं तर?

जुना_फिटर (कुपवाड)

नाही चालणार. स्पष्ट सांगतो, कारण पुढचा त्रास तुम्हालाच आहे.

कानस मारताना जोर पुढच्या धावेत असतो. त्या वेळी टेबल दोन मिमी पुढे गेलं की ते दोन मिमी कानशीने कापलेच नाहीत. शिवाय टेबल हलतं तेव्हा कानस एका सरळीत राहत नाही, दोन्ही टोकांना उतरते आणि पृष्ठभाग मधे फुगीर होतो. नवीन माणूस म्हणतो, माझा हात बसत नाही. हात बसला असता, टेबल बसलेलं नाही. कुपवाडला आमच्या शेडमध्ये दोन मुलं शिकायला होती. एकाची कानस दिवसभर किरकिरायची. त्याला बेंचच्या दुसऱ्या टोकाच्या व्हाइसवर पाठवलं, जिथे खाली पाय होता. त्याच दुपारी आवाज बदलला. कानस तीच, पोरगं तेच.

म्हणून असं करा. ५० बाय ५० बाय ५ चा अँगल, चार पाय, खाली चारी बाजूंनी आडवी पट्टी आणि मागच्या बाजूला तिरका आधार. वेल्डिंग येत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून सांगाडा करून घ्या, फार खर्च येत नाही. वरची फळी किमान दीड-दोन इंच जाड. बाभळीची फळी मिळाली तर सोनं, पूर्वी गाडीच्या चाकाला तीच लागायची. नाहीतर १८ मिमीचे दोन प्लाय एकावर एक स्क्रूने आवळा आणि वर ३ मिमीचा पत्रा. हे सगळं भिंतीला अँकर बोल्टने धरा. शेडला विटांची भिंत असेल तर. पत्र्याची असेल तर पायाला प्लेट लावून जमिनीच्या काँक्रीटमध्ये बोल्ट मारा. नुसत्या शहाबादी फरशीत मारू नका, फरशी तडकते आणि बोल्ट ढिला होतो.

व्हाइस फळीच्या मधोमध नाही, पायाच्या बरोबर वर. दोन पायांच्या मधे बसवला की फळी ढोलासारखी वाजते.

कृष्णाकाठ

काका, भाड्याच्या घरात अँकर कसा मारायचा? मी मिरजेला भाड्याने राहतो, मालक परवानगी देत नाहीत.

जुना_फिटर (कुपवाड)

मग वजन वाढवा. सांगाड्याच्या खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून वाळूची पोती किंवा भंगारातली जड शाफ्टिंग ठेवा. शंभर किलो खाली बसले की बेंच सहज सरकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ट्रकची जुनी रिम, मधोमध जाड पाइप उभा करून वेल्ड, रिममध्ये काँक्रीट, पाइपवर प्लेट, प्लेटवर व्हाइस. हा स्टँड अंगणातही नेता येतो. पण फायलिंगला बेंचच बरा, स्टँड थोडा तरी डोलतोच.

पलूसचा_पॅटर्नवाला

जुन्या मालाबद्दल मी लिहितो. माझं सगळं आयुष्य फाउंड्रीत गेलं.

आपल्या पट्ट्यात जुने व्हाइस भरपूर का सापडतात, याला कारण आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांच्या मदतीने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली, लोखंडी नांगर ओतायला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ ला कारखाना काढला. मग कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, इकडे माधवनगर, मिरज, कुपवाड. प्रत्येक शेडमध्ये बेंच होता आणि प्रत्येक बेंचवर व्हाइस. शेड बंद पडली की तो माल भंगारात येतो. त्यामुळे जुना घ्यायला माझी हरकत नाही, उलट जुन्यात काही नग आजच्यापेक्षा सरस असतात. पण बघून घ्या.

निळा रंग मारलाय असं लिहिलंत, तिथेच माझा कान टवकारला. रंगाखाली काय आहे ते बघा. खिशात छोटी हातोडी न्या, १०० ग्रॅमची पुरे. जबडे मोकळे ठेवून अंगावर हलके ठोके द्या. सलग बीड असेल तर आवाज थोडा तरी रेंगाळतो. चीर असेल तर बद्द येतो, आणि त्या ठिकाणाहून बाजूला सरकलं की लगेच बदलतो. मागचा जबडा जिथे बेसला मिळतो तो कोपरा, पुढच्या जबड्याची मान, आणि बेसचे बोल्टाचे कान या तीन जागी बोट फिरवा. पितळी रंगाची रेघ दिसली तर ब्रेझिंग केलेलं आहे, म्हणजे चीर पितळ वितळवून जोडलेली. फुगीर खरखरीत पट्टा दिसला तर वेल्डिंग. लांबी (पुट्टी) भरून घासलेलं असेल तर नखाने टोकरल्यावर कळतं. बिडाला वेल्ड करता येतं, मी स्वतः कितीतरी केलेत, पण व्हाइसच्या मानेवरचा वेल्ड घेऊ नका.

नंतर पूर्ण उघडा. पुढचा जबडा दोन्ही हातांनी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडी हालचाल असणारच. पण खाडखाड वाजत असेल तर स्लाइड घासलेली आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. स्क्रूचे आटे बघा. सुरुवातीचा भाग, जिथे रोजचं काम होतं, तिथे आट्याची धार पातळ होऊन चाकूच्या पात्यासारखी झाली असेल तर नटही तसाच असणार. नट बदलता येतो. कुपवाडला किंवा कोल्हापुरात टर्नरकडून चौकोनी आट्याचा गनमेटल नट करून मिळतो. पण त्याचा खर्च किमतीत धरा.

शेवटी जबडे हलके बंद करून मागून बॅटरी मारा. वरची कड आधी टेकली आणि खाली केसभर फट दिसली तर घाबरू नका, बरेच चांगले व्हाइस तसेच बनवतात, आवळल्यावर ते सपाट टेकतात. खाली टेकून वर फट असेल तर तो नग सोडून द्या. आणि जबड्याच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या, बदलता येण्यासारख्या असाव्यात.

मिरज_सतार

मी थोडं वेगळं लिहितो, चालेल ना? मी मिरजेत सतारींचं काम करतो. सतारीच्या दांडीवरचे धातूचे पडदे वाकवणं, खुंट्या घासणं, पितळेच्या पट्ट्यांना आकार देणं. माझा व्हाइस ४ इंची, फिरत्या बेसचा, आणि मला तोच लागतो. कारण उजेड एका खिडकीतून येतो आणि काम त्या बाजूला फिरवावं लागतं. पडद्याची तार धरताना माझ्या जबड्याच्या दातांचा एकही ओरखडा चालत नाही. त्यामुळे जबड्यावर कायम अॅल्युमिनियमच्या टोप्या.

म्हणून शाहूनगरच्या दादांना सांगेन, फिरता बेस अगदीच टाकाऊ समजू नका. आडवी लांब पट्टी धरायची असेल आणि शेड आठ बाय दहाची असेल तर एका टोकाला भिंत आड येणार. तेव्हा बेस फिरवायला मिळाला की काम होतं.

फिटर_ताई

मिरजेच्या दादांचा मुद्दा मला मान्य आहे, बारीक कामाला फिरता बेस सोयीचाच. माझी हरकत एवढीच की स्वस्त फिरत्या बेसमध्ये दोन लॉक बोल्टांवर सगळं अवलंबून असतं. छिन्नीचे चार ठोके पडले की तो हळूच फिरतो. शिवाय खाली एक जास्तीचा सांधा आला म्हणजे कडकपणा तेवढा कमी. शिकताना हात आणि व्हाइस दोन्ही हलत असतील तर चूक कुणाची हे कळत नाही. म्हणून पहिला व्हाइस पक्का, आणि पुढे बारीक कामासाठी दुसरा छोटा फिरता.

टोप्यांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. शाहूनगर, तुमचं पहिलं काम तेच करा. ४० बाय ४० चा अॅल्युमिनियम अँगल घ्या, जबड्याच्या रुंदीचे दोन तुकडे कापा, कडा घासा, कोपरे मारा. जबड्यावर ठेवा, झालं. हॅकसॉ, कानस, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), सगळ्याचा सराव एका कामात होतो आणि वस्तू वर्षानुवर्षं वापरता येते. गोल रॉड उभा धरायला लाकडाच्या दोन ठोकळ्यांत व्हीच्या आकाराची खाच करून ठेवा. आटे पाडलेला बोल्ट धरायचा असेल तर नट एका बाजूने करवतीने चिरा, बोल्ट त्यात फिरवा आणि नट व्हाइसमध्ये आवळा. आटे जपले जातात.

आणि काम नेहमी जबड्याच्या मधोमध धरा. एका कडेला धरावं लागलं तर दुसऱ्या कडेला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला, नाहीतर पुढचा जबडा तिरका होऊन स्लाइड एका बाजूने खाते.

तासगाव_द्राक्षबाग

ताई पटलं. आमच्या ६ इंचीचं डावं बूड घासलंय ते याच्यामुळं तर. शाफ्ट कायम डावीकडंच धरतो आम्ही, कारण उजवीकडं भिंत आहे. आता पॅकिंग घालतो.

एक विचारू का? व्हाइसच्या मागं जो सपाट भाग असतो, त्याच्यावर ठोकलेलं चालतं ना?

जुना_फिटर (कुपवाड)

खिळा सरळ करा, रिव्हेट बसवा, पातळ पट्टी वाकवा. यापेक्षा जास्त नको. ती खरी ऐरण नाही, खाली पोकळ बीड आहे. ठोकायला वेगळी ऐरण ठेवा. जाड प्लेटचा तुकडा, ट्रकच्या अॅक्सलचा तुकडा, जुन्या शाफ्टचं टोक, काहीही चालतं. लोक रुळाचा तुकडा शोधतात. त्यात सावध राहा. रेल्वेच्या मालाबद्दल १९६६ चा वेगळा कायदा आहे, आणि तो तुकडा तुमच्याकडे कसा आला हे तुम्हालाच सांगावं लागतं. पावतीशिवाय घेऊ नका.

जबड्यात धरून छिन्नी मारायची असेल तर जोर मागच्या पक्क्या जबड्याकडे ठेवा, पुढच्या सरकत्याकडे नाही. पुढचा जबडा फक्त स्क्रू आणि नटावर उभा असतो, सगळा मार तिथे जातो.

सांगलीवाडी

जुन्या मालावर गंजाचं मीही लिहितो. २०१९ च्या महापुरात आमचं खालच्या मजल्यावरचं सगळं सामान पाण्यात होतं. व्हाइस पाण्याखाली राहिला, वर गाळ. पाणी ओसरलं तेव्हा स्क्रू फिरेना. तो भंगारात द्यायचं सगळे म्हणत होते. आज तोच वापरतो, म्हणून पद्धत सांगतो.

आधी जोर लावायचा नाही. हँडलवर पाइप चढवून फिरवलात तर नटाचे आटे निघून येतील. गाळ पाण्याने धुवायचा, वाळवायचा, मग गंजात मुरणारं तेल दोन्ही बाजूंनी सोडून दोन-तीन दिवस ठेवायचा. रोज हलकं ठोकून थोडं-थोडं पुढे-मागे. सुटला की सगळे भाग वेगळे करा. छोटे भाग लिंबूसत्वाच्या पाण्यात, लिटरला ५० ते १०० ग्रॅम. दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून ब्रशने घासायचे. रात्रभर विसरायचं नाही, आम्ल चांगलं लोखंडही खातं. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, पुसायचं, लगेच उन्हात वाळवायचं आणि तेल लावायचं. हातमोजे घाला.

साखर कारखान्याच्या मळीतही गंज उतरतो, दहा भाग पाण्यात एक भाग मळी, आठवडा-दोन आठवडे लागतात. पण मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, कारखान्यातून अशी हातात मिळत नाही. लिंबूसत्व किराणा दुकानात मिळतं, तेच वापरा.

कराड_वेल्डर

दोन गोष्टी राहिल्या. शाहूनगरच्या भावाला वेल्डिंग शिकायचंय म्हणून आत्ताच सांगतो. व्हाइसमध्ये जॉब धरून वेल्ड करताना अर्थिंगचा क्लॅम्प व्हाइसला लावू नका, थेट जॉबला लावा. व्हाइसला लावला की करंट स्क्रू आणि नटाच्या सांध्यातून जातो, तिथे ठिणगी पडते आणि आट्यावर खड्डे होतात. नंतर फिरवताना खरखरतं. शिवाय गॅसने तापवलेला लाल जॉब जबड्यात फार वेळ धरू नका, पट्ट्यांचा कडकपणा उतरतो.

आणि ग्राइंडर मारताना स्क्रूवर कापड टाका. ग्राइंडरची धूळ म्हणजे घासायचा मसालाच. तो तेलात मिसळला की स्क्रू आणि नट आपोआप घासत राहतात. महिन्यातून एकदा पुसून नवं ग्रीस. बाहेरच्या स्लाइडवर मात्र घट्ट ग्रीस नको, पातळ तेलाचा हात फिरवला की पुरे.

शाहूनगर_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भंगारवाल्याकडे जाऊन आलो, पॅटर्नवाल्या काकांनी सांगितलेलं सगळं केलं. मागच्या जबड्याच्या कोपऱ्यात रंगाखाली पितळी रेघ स्पष्ट निघाली, हातोडीचा आवाजही त्या जागी बद्द. पुढचा जबडा दोन्ही बाजूंनी खाडखाड. भंगारवाला प्रामाणिक माणूस, म्हणाला, मला आला तसाच आहे, पाहिजे तर कमी करतो. मी नाही म्हटलं.

मग दुकानात ५ इंची पक्क्या बेसचा मागवला. काटा मागितला तेव्हा दुकानदारानेच हसून दुसऱ्या नगाशी तुलना करून दाखवली. फरक दोन किलोंच्या वर होता, जड तो घेतला. बजेटमधून उरलेले पैसे बेंचला जातील. फॅब्रिकेशनवाल्याला ५० चा सांगाडा सांगितलाय, शेडची मागची भिंत विटांची आहे. आता उंची किती ठेवू?

फिटर_ताई

छान निर्णय. बेंचजवळ सरळ उभे राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा. जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला यावी. म्हणजे व्हाइसची उंची मोजून बेंच तेवढा खाली. तुमची उंची काय असेल ती असो, दुसऱ्याच्या बेंचचं माप नको. जड कानस जास्त मारणार असाल तर एक-दोन इंच खाली, बारीक काम जास्त असेल तर वर. शंका असेल तर थोडं खाली करा, खाली फळी घालून वर आणता येतं.

जुना_फिटर (कुपवाड)

बसवताना मागच्या पक्क्या जबड्याचं तोंड बेंचच्या पुढच्या कडेच्या किंचित बाहेर येईल असं ठेवा. पाच-सहा मिमी पुरे. म्हणजे लांब पट्टी उभी धरली की ती कडेला न अडकता थेट जमिनीपर्यंत जाते. बहुतेक जण व्हाइस आत बसवतात आणि मग जन्मभर पट्टी तिरकी धरतात.

बोल्ट भोकात मावेल तेवढा जाड, बहुधा १२ मिमी. आरपार, खाली ६ मिमीची पट्टी आणि डबल नट. लाकडाचे स्क्रू नकोत. फळी नवीन असेल तर महिन्याभराने पुन्हा आवळा, लाकूड बसतं.

डाव्या-उजव्याचं सांगतो. उजव्या हाताचे असाल तर व्हाइस बेंचच्या डाव्या टोकाला बसवा, कापलेला लांब तुकडा उजवीकडे बेंचवर टेकतो आणि डावीकडे मोकळी जागा मिळते. माझी सवय अशी आहे, काही जण उलटही करतात.

शाहूनगर_सातारा

बेंच आला, बसवला. भिंतीला चार अँकर, उंची कोपराइतकी. अॅल्युमिनियमच्या टोप्या केल्या. पहिली एक तिरकी कापली गेली, दुसरी बरी जमली. एक शंका आहे. हँडल उलट फिरवलं की थोडा वेळ नुसतं फिरतं, जबडा हलत नाही, मग खट्ट होऊन सुटतो. नवा व्हाइस आहे, यात दोष आहे का?

पलूसचा_पॅटर्नवाला

किती फिरतं त्यावर आहे. पाव फेऱ्यापर्यंत मोकळं फिरणं साधारण बरोबर आहे. स्क्रू आणि नटात मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर धुळीने जाम होईल. अर्ध्या फेऱ्याच्या वर जात असेल तर पुढच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, स्क्रूच्या मानेवर वॉशर आणि कॉटर पिन किंवा कॉलर असते ती बघा. तिथे जाड वॉशर बदलला की बराच फरक पडतो. नटाचा बोल्ट ढिला नाही ना तेही बघा, नव्या नगात कधीकधी तो आवळलेलाच नसतो.

शाहूनगर_सातारा

काका, नटाचा बोल्टच ढिला होता! दोन फेरे आवळला, आता पाव फेऱ्याच्या आत आलं.

पलूसचा_पॅटर्नवाला

झकास. आता एका जुन्या पट्टीवर कानस मारून बघा आणि गुण्या लावून फोटो टाका. कुठे फुगीर येतंय ते ताई सांगतील.